काकांच्या अंगणातलं रान

कुणालाच नाही न म्हणणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण तणालाही नाही न म्हणणारा माणूस आमच्या उभ्या छावणी वस्तीत एकच, आमच्या समोरचे काका. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. मूळचे फुलंब्रीकडचे, पण शेताशी संबंध बसच्या काचेतून दिसेल तेवढाच. अंगणातली बाग काकूंची. गेल्या वर्षी ऐन वैशाखात काकूंना अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली, आणि झारी काकांच्या हाती आली. उगवेल त्याला पाणी घालायचं, एवढंच त्यांचं शेतीशास्त्र. भादवा लागेपर्यंत दोडक्याचा वेल त्यांच्या स्कूटरवर चढून हँडलला लोंबू लागला. काका बाजारात पायी जाऊ लागले, पण वेल सोडवेनात. "मोडंल ना तो!" पुदिन्यानं पायऱ्या गिळल्या, फाटक अर्धंच उघडू लागलं. मी विळा घेऊन मदतीला गेलो, तर त्यांनी तो काढूनच घेतला. "यातलं तुझ्या काकूनं लावलेलं कोन्तं आन् आपसूक आलेलं कोन्तं, ठाव हाय का तुला? नाय ना? मग ऱ्हाऊ दे."

रोज सकाळी ते एकेक पान खुडून काकूंच्या नाकाशी धरत. "हा ओवा, व्हय ना?" काकू नुसत्या बघत. काका दुसरं पान आणत. कोपऱ्यात काठ्यांचं कुंपण घालून त्यांनी गवती चहा जपला होता. तो मलाही पाजला. "वास जरा कमी हाय, पर गुणाला लई भारी!" मी कप रिकामा केला.

एका सकाळी माझ्यादेखत त्यांनी तीच पात मोठ्या ऐटीत काकूंसमोर धरली. काकूंनी वास घेतला, पुन्हा घेतला. ओठ वाकडा झाला, खांदा हलू लागला. आम्ही घाबरलो. पण काकू हसत होत्या.

"ग... गवत," त्या म्हणाल्या.

झटक्यानंतरचा पहिला शब्द! काका आणखी जवळ सरकले. "पुन्यांदा म्हन. पुन्यांदा म्हन की!" मग पात उंच धरून गल्लीभर सांगत सुटले, "गवत हाय हे! तिनं सांगितलं, गवत हाय!"

आता काकू अंगणात खुर्चीवर बसून तुटक हुकूम सोडतात. "हे... काढ." काका रोपाला हात लावून विचारतात, "खरंच काढू?" बाग हळूहळू माणसात येते आहे. जाता-येता मी फाटकाशी रेंगाळतो. ते माजलेलं हिरवं पुन्हा दिसायचं नाही, म्हणून मन जरा चुकचुकतं. मग आतून काकूंचा आवाज येतो, कालच्यापेक्षा एखादा शब्द जास्तच.