डॉक्टर घडवणारे आमचे सातवी पास मामा

मामा गेल्याचा फोन आला आणि आता घरातलं कर्तं माणूस मीच, अशा तोऱ्यात मी थेट अफझलगंजचा बाजार गाठला. बांबू, मडकं, पांढरं कापड... सगळं रिक्षात कोंबून नल्लकुंट्याला मामांच्या दारात उतरलो. मामीनं मडक्याकडे पाहिलं. "हे कशाला आणलंस रे? देहदानाच्या फॉर्मवर साक्षीदार म्हणून तुझीच सही आहे ना?"

होती. चहा पिता पिता, न वाचता ठोकलेली.

याला आता तीन आठवडे झाले. मामा सातवी पास, मेडिकल कॉलेजच्या डिसेक्शन हॉलमध्ये शिपाई. मुलं यायच्या आधी टेबलावरच्या प्रत्येक देहाला हात जोडायचे आणि मगच चादर काढायचे. पहिल्या वर्षाचं एखादं पोर घाबरून सुरी दाबू लागलं की मागून त्यांचा आवाज यायचा, "डॉक्टरसाब, जोर नक्को. ये नस है, रस्सी नहीं." मला नोकरी लागली तेव्हा मी पेढ्यांबरोबर बढाईही घेऊन गेलो होतो. मामांनी रुमालानं माझे दोन्ही अंगठे तळव्यांशी बांधले आणि म्हणाले, "आता शर्टाची बटणं लाव, इंजिनियर." अर्धा तास झटलो, एक बटण लागलं, तेही चुकीच्या काजात! माझ्या बायकोला उचकी लागली की म्हणायचे, "कुणी आठवण काढत नाही गं पोरी, छातीखालचा पडदा आखडलाय. पाणी पी."

त्या सकाळी मामीचे थोरले भाऊ मात्र अडून बसले. "अग्नी नाही, मंत्र नाही... लोक काय म्हणतील?" देह काही तासांतच पोचवायला हवा होता. साक्षीदार म्हणून मी बोलायला हवं होतं. मी बांबू भिंतीला नीट टेकवत राहिलो. शेवटी मामीच उठली. "दादा, यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या घरच्या माणसांपुढे हात जोडले. आता आपल्या घरचं माणूस द्यायची वेळ आली, तर दार लावून घेऊ?" भाऊ बाजूला सरकले. "तू कॉलेजला फोन लाव," ती मला म्हणाली. मी लावला.

कॉलेजच्या दारात दोन्ही बाजूंना मुलं उभी होती. विभागप्रमुख डॉक्टरबाई स्वतः खाली आल्या आणि त्यांनी मामीचा हात धरला. "अम्मा, मेरे कू चाकू पकडना इनोंच सिखाए." मामी ताठ उभी होती. मीही छाती काढली... जणू मामांना मीच शिकवलं होतं.

घरी आल्यावर मी बायकोला जाहीर केलं, "मीही देहदान करणार."

तिनं माझ्या पोटाकडे बराच वेळ पाहिलं. "करा की. पण आधी रोज चालायला जा. नाहीतर त्या पोरांचं अख्खं वर्ष चरबी बाजूला करण्यातच जाईल. आणि घाई करू नका, मला मामींइतकं ताठ उभं राहता येणार नाही."