परातीतली माती वाळत नव्हती

बाबांना अमरावतीला आणून महिना झाला होता आणि रोज सकाळी चहासोबत मला एकच वाक्य ऐकावं लागायचं, "उद्या जातो मी." आई गेल्यावर बाळापूरकडच्या आमच्या गावात ते एकटेच राहत होते. इथे मीही एकटीच, शाळेत विज्ञान शिकवते. गॅस उघडा राहतो, बीपी वाढतं, रात्री पडलात तर कोण बघणार, सगळं सांगून झालं. पालथ्या घड्यावर पाणी!

त्यात मला नसती अवदसा आठवली. शाळेतल्या मुलांना दाखवायला म्हणून मी ट्रायॉप्सच्या अंड्यांची पुडी मागवली. पाठीवर ढाल, मागे दोन शेपट्या आणि तीन डोळे असलेला हा पाण्यातला जीव. त्याची अंडी वर्षानुवर्षं कोरडी पडून राहतात आणि पाणी मिळालं की फुटतात. मी हॉलमधल्या रिकाम्या मासेटाकीत नळाचं पाणी भरून अंडी टाकली. काही नाही. दुसरी पुडी टाकली. तेच. पाण्याला ब्लीचिंग पावडरचा वास मारत होता, तरी माझी ट्यूब पेटली नाही. आणि म्हणे विज्ञान शिकवते!

बाबांनी पुडीवरचं चित्र पाहिलं. "बाप्पा! पैसे देऊन किडे आनले? आपल्या वावराच्या धुऱ्याजवळ पाणी साचते, त्या डबऱ्यात गंज असतात, ढिगानं."

दुसऱ्या दिवशी ते न सांगता गावाला गेले. फोनही उचलेनात. झालं, गेले ते गेलेच, असं धरून मी दोन दिवस धुमसत होते. तिसऱ्या दिवशी स्वारी दारात हजर, हातात डबऱ्यातल्या कोरड्या मातीची पिशवी. इतका आनंद झाला मला, पण तोंडातून निघालं, "फोन उचलायला काय हात दुखतो?"

बाबांनी ती माती टाकीत घातली आणि पावडरचा वास जावा म्हणून बादलीत दोन दिवस ठेवलेलं पाणी तिच्यावर ओतलं. टाकीचा नुसता काळा चहा झाला. मी चिडचिड करत होते, ते म्हणत होते, "दम धर." चौथ्या दिवशी गाळ खाली बसला आणि टाकीत पांढरे ठिपके पळताना दिसले. पंधरा दिवसांत ते बोटाच्या पेराएवढे झाले आणि एकमेकांना खायला लागले! विसाचे आठ उरले. मी गाळणी घेऊन त्यांना वेगळं करायला धावायची, बाबा भाकरीचा चुरा टाकत हसायचे. "डबऱ्यात कोन गाळनी घेऊन जाते, माय?"

वर हेही ऐकवायचे, "हे मेले की जातो मी." म्हणजे आता बापाला थांबवायचं तर किडे जगवा! मी खरंच जगवत होते. शाळेतून आले की आधी टाकीत डोकवायची.

वैशाखात शेवटचा मेला. बाबांनी पाणी काढलं आणि गाळ परातीत पसरून बाल्कनीत ठेवला. "यात अंडे हायत. माती कडक वाळू दे, मंग पुन्हा पाणी टाकलं की फुटतात. हे वाळलं की तुह्या हवाली करतो अन् जातो."

तेव्हापासून ते आंघोळीला गेले की मी परातीवर पाणी शिंपडायला लागले. आमच्याकडे त्या उन्हात चादरसुद्धा अर्ध्या तासात वाळते. माती आठ दिवस ओली.

नवव्या दिवशी मी पाणी शिंपडून वळले, तर बाबा मागे उभे. बाथरूममध्ये नळ तसाच चालू.

"जन्मभर माती पाह्यली म्या," ते म्हणाले. "आठ दिवस वाळत नाई म्हंजे काय?"

माझा भडका उडाला. पुन्हा गॅस, बीपी, डॉक्टर, सगळं सुरू केलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"झालं? तू मले इतल्या दिवसात 'जाऊ नका' शंभरदा म्हनली. 'राहा' एकदाही नाई म्हनली. मले वाटलं, पोरगी लोकाच्या बोलन्याले भेते, म्हून मले ठेवून घेऊन राहिली."

इतक्या दिवसांत हे सुचलं नाही म्हणून स्वतःचाच राग येत होता.

"मला करमत नाही एकटीला," मी म्हणाले. "राहा ना बाबा." तेही खेकसूनच.