बराकीतल्या लायब्ररीसाठी उशिरा लिहिलेलं पत्र

मस्कतला निघालो त्या सकाळी टॅक्सी उल्हासनगरच्या आमच्या लायब्ररीपाशी थांबवली. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांसाठी बांधलेली जुनी बराक. ग्रंथपाल जाधवबाई दारातच होत्या. म्हणाल्या, "तिकडे शिक्षण विचारलं तर मान खाली घालू नकोस. वाचता येतं म्हणून सांग."

मी इथे येऊन दहावी पास सांगितलं.

खरं तर सातवीत शाळा सोडून मी जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला बसलो होतो. बाईंनीच मला आत बोलावलं. म्हाताऱ्यांना दिसत नाही, तू मोठ्यानं पेपर वाच, म्हणाल्या. मी अक्षर अक्षर जुळवत वाचायचो. त्यातले सिंधी लालचंदकाका ओरडायचे, "पुट, तू खतम करेगा तब तक खबर बासी हो जाएगी!" सगळे हसायचे, पण उठून कुणी जायचं नाही. पुढे कळलं, ते सगळे घरून पेपर वाचूनच यायचे.

त्या वाचनावर आज मी गोडाऊनचा सुपरवायझर आहे. उल्हासनगरजवळ हेंद्रेपाड्यात फ्लॅट झाला. मुलगा नववीत. त्याचे मार्क कमी आले की मी फोनवरून सुनावतो, "मला दहावीला बहात्तर टक्के होते."

गेल्या महिन्यात बाईंचा लायब्ररीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला. बराक पाडायचं चाललंय, वाचवायला अर्ज करतोय. आलात तेव्हा काय होतात आणि आज काय आहात, ते जुन्या वाचकांनी लिहून द्या. मला वेगळं लिहिलं, "तुझं पत्र सगळ्यात वर लावणार." पण त्या ग्रुपवर माझे मेहुणे आहेत, इथल्या कंपनीतली दोन पोरं आहेत, आणि त्यांनाही मी दहावी पासच सांगितलेलं. तीन आठवडे मी "लिहितो बाई, लिहितो" करत राहिलो. अर्ज माझ्या पत्राशिवाय गेला. बाई एका शब्दानं बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

परवा आधी मुलाला खरं सांगितलं. तो म्हणाला, "मग ते बहात्तर टक्के कुणाचे होते, पप्पा?"



तिथे राहिलेल्यांनो, माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, हे आज ग्रुपवर टाकतोय. सुनावणी बाकी आहे, तेव्हा देऊ, असं बाई म्हणतात. उपयोग होईल का, माहीत नाही. फ्लॅटच्या दारावर माझ्या नावाची पाटी आहे, तरी घर म्हटलं की मला ती बराकच आठवते. माझी शाळा सातवीतच सुटलीय हे तिथे सगळ्यांना माहीत होतं, आणि तरी पेपर माझ्याच हातात द्यायचे.