जनरल साहेबांचा बंदगळा आणि कांताबाईचे पोहे

"मास्टर, ते दोघं सकाळपासून बसून राह्यलेत. सहा-सहा चहा पेले. शर्ट पण एकसारखे. कोण आहेत ते?"

रफिकभाई माझ्या दुकानाच्या पायरीवर उभे होते. त्यांचा चहाचा ठेला माझ्या समोरच, बदनापूर स्टेशनच्या रस्त्याला. मी मशीनवरून मान वर केली न्हाई.

"असतील कोणी. रेल्वेची वाट बघत असतील."

"तीन गाड्या गेल्या की."

तेव्हाच मला कळलं, काम बिघडायला लागलं.

मी टेलर आहे. शाळा चौथीपर्यंत, ती पण केदारखेड्यात, अर्धी झाडाखाली. पण फौजेच्या छावणीत एकतीस वर्षं वर्दी शिवली, मंग इथं दुकान टाकलं. लोक म्हणतात, टेलरला काय कळतं. मला एका जनरलची सगळी नोकरी टेपवर सांगता येते. हे साहेब पहिल्यांदा माझ्याकडं आले तेव्हा लेफ्टनंट होते. खांद्यावर दोन स्टार, कमर अठ्ठावीस. कॅप्टन झाले, तिसरा स्टार आला. मेजर झाले, स्टार जाऊन सिंहाचा स्तंभ आला, कमर तीस. कर्नल झाले, कॉलरला लाल पट्टी आणि कमर चौतीस. बदली कुठं का असंना, पार्सलने कापड यायचं. आत चिठ्ठी, 'मास्टर, एक इंच वाढवा.' मधी एकदा गोळी लागली आणि उजवा खांदा अर्धा इंच खाली आला. तेव्हापासून दुसऱ्या टेलरचा कोट त्यांच्या अंगावर तिरपा बसतो. माझा बराबर बसतो.

तर हे साहेब सोमवारी, झेंडा न लावलेल्या साध्या गाडीतून, माझ्या दुकानात आल्ते.

"मास्टर, दोन सफारी आणि एक बंदगळा कोट. शनिवारपर्यंत."

"वर्दी न्हाई?"

"नाही."

जनरल माणूस वर्दी सोडून साधे कपडे शिवतो, तेव्हा एक तर तो रिटायर होतो, न्हाई तर अशा खात्यात जातो जिथं वर्दी दाखवायची नसते. रिटायर व्हायला साहेबांना टाइम होता.

"जासूसांचं खातं का साहेब?"

साहेबांनी दाराकडं बघितलं. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच. आत्ता. सफारी म्हणालात तेव्हा."

साहेब स्टुलावर बसले. मंग हळू आवाजात सगळं सांगितलं. देशासाठी गुप्त माहिती गोळा करायचं जे खातं, त्याचे मुख्य म्हणून त्यांचं नाव ठरलं होतं. ऑर्डर निघायला पंधरा दिवस होते. बातमी त्याच्या आधी फुटली तर नाव कापलं जाणार होतं.

"बरोबरच आहे त्यांचं," साहेब म्हणाले. "जो स्वतःचं गुपित राखत नाही, त्याच्या हातात देशाचं कोण देईल? छावणीत कपडे शिवले तर संध्याकाळपर्यंत सगळ्या मेसला कळेल. म्हणून तुमच्याकडे आलो."

"साहेब, एकतीस वर्षांत मी कोणाची कमर कोणाला सांगितली न्हाई."

ते हसले. शनिवारी ट्रायलला येतो म्हणून गेले. ट्रायल म्हणजे कच्च्या टाक्यावर कपडा अंगात घालून बघायचा. टाचण्या लावायच्या, मंग पक्का शिवायचा. ट्रायलशिवाय कोट शिवणारा टेलर मी मानत न्हाई.

मंगळवारी ही दोन माणसं उगवली. साहेबांची गोष्ट ठाऊक असलेला एकच कर्नल होता. त्यानं दुकानावर राखण बसवली. साध्या वेशात. मी चहाच्या निमित्तानं त्यांच्या बाकड्यावर जाऊन बसलो. दोघांना तपकिरी चेक, एकाच थानातला. खिशाचा चेक अंगाच्या चेकशी जुळवला सुद्धा न्हवता.

"शर्ट कुठं शिवला?" मी एकाला हळूच विचारलं.

"सरकारी सप्लाय है," तो बोलून गेला. मंग जीभ चावली.

"उद्या येऊ नका."

"ऑर्डर है, चाचा."

बुधवारी बाजारात तीन बातम्या फिरून राह्यल्या. एक म्हणे, रस्ता रुंद होणार, मोजणीवाले आलेत. दुसरी, इन्कम टॅक्स. तिसरी अशी की मास्टरनं छावणीतून काही तरी आणलंय. एका पोराने तर मोबाईलवर दोघांचा फोटो घेतला. आता शनिवारी साहेब आले आणि कोणी त्यांचा फोटो काढला, की साहेबांचं नाव गेलं. आणि माझा शब्दही.

गाव गप बसत न्हाई. त्याला चघळायला काही तरी द्यावं लागतं. मी रफिकभाईकडं गेलो. इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"रफिकभाई, कोणाला बोलू नका. मुलाकडची माणसं आहेत. चौकशीला आलीत. शनिवारी मुलाचा बाप स्वतः येणार आहे. मोठं घर आहे."

"माशाल्ला. मुलगी कोणाची?"

एवढा विचार मी केला न्हवता. त्याच वेळेला माझ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर कांताबाई सतरंजी झटकून राह्यल्या. त्या अंगणवाडीत आहेत. नवरा वारला, पोरीला एकटीनं शिकवलं. पोरगी शेती संशोधन केंद्रात नोकरीला आहे.

"वरच्या कांताबाईची," माझं तोंड बोललं.

काम फत्ते झालं. गुरुवारी त्या दोघांना चहा फुकट. कोणी काही विचारीना. उलट येणारा-जाणारा थांबून सांगून जायचा, "पोरगी लाखात एक आहे हो. बिलकुल वर मान करत न्हाई." ते दोघं मान हलवायचे. मी मशीनवर बसून मनात म्हणालो, कर्नलपेक्षा चौथी पास बरा.

शुक्रवारी कांताबाई दुकानात आल्या. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

"मास्टर, माझ्या पोरीला बघायला कोणी आलंय म्हणे. मला कोणी सांगणार आहे का न्हाई?"

"चौकशी चालू आहे. पक्कं झालं की सांगणारच होतो."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मंग दाराबाहेर त्या दोघांकडं बघितलं. "बरं," म्हणाल्या आणि वर गेल्या. मला वाटलं, मिटलं.

शनिवारी साहेब आले. अंगात बंदगळा, एकच बाही जोडलेली, माझ्या तोंडात चार टाचण्या. तेवढ्यात पडदा सरकला. कांताबाई. हातात ताट, ताटात पोहे.

"या भाऊ. बसा. हात धुतले का?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी डोळा मारला. एवढ्या मोठ्या माणसाला डोळा मारायची माझी पहिलीच वेळ. साहेब एका बाहीच्या कोटात बसले आणि ताट घेतलं.

"पोरगा काय करतो?"

"इंजिनिअर आहे," साहेब म्हणाले. ते खरंच होतं.

"कुठं?"

"पुण्यात."

"एकटाच?"

"मुलगी आहे एक. लग्न झालं तिचं."

"आणि तुम्ही?"

"सरकारी नोकरी."

"खातं कोणतं?"

साहेबांनी पोहे बराच वेळ चावले. "कागदपत्रांचं काम असतं."

"लिंबू पिळू का? बदली होत असंल."

"होते. आता दिल्लीला चाललोय."

"घरच्यांना घेऊन?"

"हो, तिथे बंगला आहे."

मी त्यांच्या खांद्याला हळूच टाचणी टोचली. साहेब "स्स" म्हणाले.

"त्या खांद्याला काय झालं भाऊ? एका अंगाला झुकता."

"जुनं आहे. पडलो होतो."

"पडल्यावर खांदा बाहेर येतो. तुमचा खाली गेलाय." त्यांनी रिकामं ताट उचललं. "पोरगी केंद्रावर गेलीय. तिला विचारून कळवते."

त्या गेल्यावर साहेबांनी पडदा सरकवून बाहेर बघितलं. "मास्टर, ही बाई कोण?"

"अंगणवाडी सेविका."

"शत्रूनं पकडलं तर काय करायचं याचं ट्रेनिंग मी घेतलंय," साहेब म्हणाले. "पोह्याचं कोणी दिलं नाही."

मी बाही जोडली, टाके पक्के केले. साहेब कपडे घेऊन गेले. ती दोन माणसं पण गेली. पुढचे दिवस मला झोप न्हवती. कांताबाई रोज खाली यायच्या, नळावर चार बायांत उभ्या राहायच्या. एक शब्द त्यांच्या तोंडून निघाला की संपलं. पण काही फुटलं न्हाई.

मंग ऑर्डर निघाली. रफिकभाईच्या ठेल्यावरच्या टीव्हीत साहेब दिसले, बंदगळ्यात. खांदा सरळ. अर्धा इंच पॅडिंग मी आतून दिलं होतं, पण ते कोणाला दिसणार.

"मास्टर," रफिकभाई हळूच म्हणाले, "हे तर मुलाचे बाप."

"दिसतात खरे."

त्याच दुपारी कांताबाई खाली आल्या.

"मुलीचा नकार आहे."

मला हसू आलं. "ताई, आता तुम्हाला खरं सांगतो..."

"मला शुक्रवारीच ठाऊक होतं. मुलाकडची माणसं मुलीच्या घराकडं बघत बसतात, मास्टर. ते दोघं तुमच्या दुकानाकडं बघत होते."

मी टेप गुंडाळायला लागलो. "मंग पोहे कशाला आणले?"

"माझ्या पोरीच्या नावाखाली कोणाचं गुपित लपून राह्यलं ते मला कळायला नको? कळलं. साहेब दिल्लीला चालला, बंगला मिळतोय आणि खातं सांगत न्हाई. आमच्या अंगणवाडीतलं पोरगं पण सांगंल तो कोण ते."

"मंग बोलल्या का न्हाई कोणाला?"

"मी काय तुमच्यासारखी आहे? तुम्ही न विचारता माझ्या पोरीचं नाव बाजारभर केलं. लोक आता विचारणार, एवढं मोठं स्थळ, जमलं का न्हाई? आणि न्हाई जमलं तर खोट कोणात होती?" त्यांनी रस्त्यापलीकडं बोट दाखवलं. "आता रफिकभाईला सांगायचं. मुलीनं नकार दिला. मुलीनं. माझ्यासमोर सांगायचं."

मी जन्मात कोणाचं ऐकलं न्हाई. त्या दिवशी रस्ता ओलांडला. ठेल्यावर दहा-बारा माणसं होती, टीव्हीत साहेब अजून चालू होते. मी सांगितलं, मुलीकडून नकार आहे. सगळ्यांनी आधी टीव्हीकडं बघितलं, मंग माझ्या दुकानाकडं. कांताबाई पायरीवर हाताची घडी घालून उभ्या होत्या.

त्या पोरीकडं पुढच्या वर्षात चांगली स्थळं आली. जनरलच्या घराला नकार देणारी म्हणून लोक जालन्याहून आले. तिनं सगळ्यांना आधी खातं विचारलं.

मी शिकलो ते एवढंच. गुपितावर राखण बसवू नये, आणि खोटं बोलायचंच असंल तर ज्याच्या नावावर बोलतो त्याला आधी विचारावं. साहेबांना मी नकाराचं फोनवर कळवलं. महिन्याभराने दिल्लीहून पार्सल आलं. सफारीचं कापड, आत चिठ्ठी. 'मास्टर, एक इंच वाढवा. आणि त्यांना विचारा, नकाराचं कारण काय होतं.'

मी विचारलं. कांताबाई म्हणाल्या, सांगत न्हाई.