व्हरांड्यातला विमानतळ

सेक्टर दोनच्या आमच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात दर दिवाळीला किल्ला व्हायचा. बाबा पोलादाच्या प्लांटमध्ये ड्रॉइंग ऑफिसात होते, त्यामुळे आमच्याकडे आधी नकाशा आणि मग माती. मी तेव्हा कॉलेजात होतो. एकाच वर्गात जरा जास्त रमलो होतो, म्हणून माती आणायचं काम माझ्याकडे. तेवढ्यावर तरी सगळ्यांचा भरवसा होता.

त्या वर्षी ताई रायपूरहून मेकॅनिकलची डिग्री घेऊन आली होती आणि बंगलोरच्या एका विमान कारखान्यात तिची निवड झाली होती. दिवाळी झाली की निघायचं. बाबा नाही म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "एवढ्या दूर कावून? विमानाचा कारखाना इथंच आणू."

आम्हाला वाटलं, गंमत. दुसऱ्या दिवशी बघतो तर नकाशा तयार. गावाबाहेर नंदिनीच्या चुनखडीच्या खाणीकडे एक धावपट्टी होती. कधीमधी साहेब लोकांचं छोटं विमान तिथं उतरायचं, एरवी गाई बसायच्या. बाबांनी नकाशात तिच्याभोवती सगळा देश गोळा केला होता. इकडे पंख बनणार, तिकडे इंजिनं, पलीकडे दुरुस्तीच्या शेड, शिकाऊ पोरांची शाळा, आणि थेट आतपर्यंत रेल्वेचा रूळ. यंदा किल्ल्याऐवजी हेच करायचं. पाडव्याला त्यांचे मोठे साहेब फराळाला येणार होते. त्यांना पटलं तर ते वर मांडतील, वर पटलं तर कारखाना येईल, आणि मग ताईला घर सोडावं लागणार नाही.

"बाबा, विमान पोलादाचं नसते," ताई म्हणाली. "ॲल्युमिनियमचं असते."

"मंग कोरबा काय परदेशात आहे? तिथं ॲल्युमिनियमच बनून राहिलं न."

आई करंज्या तळता तळता आतून म्हणाली, "पोरीले इंजिन हाती घ्यायचं आहे, अन् तुमी तिले चिखल देऊन राहिले."

मी हसलो. बाबा हसले नाहीत. ऑफिसातून आले की कपडे न बदलता ते व्हरांड्यात मांडी घालून बसत आणि काडेपेटीच्या शेड पट्टीने मोजून मांडत. माझा उत्साह दुसऱ्याच दिवशी संपला होता. त्यांचा शेवटपर्यंत टिकला.

चूक झाली ती सवयीनं. किल्ला म्हटला की मोहरी पेरायचीच. बाबांनी ती सगळ्या मातीत मिसळली, आणि त्याच मातीची धावपट्टी लिंपली. पाडव्याच्या सकाळी धावपट्टीवर कोवळं हिरवं रान उभं होतं.

साहेब आले, वाकून बघत राहिले. "सरसों तो बढ़िया आई है," ते म्हणाले. मग त्यांनी गंभीरपणे विचारलं, "बड़ा जहाज़ उतर पाएगा यहाँ?"

बाबा नकाशात शोधू लागले. ताई म्हणाली, "नहीं सर, पट्टी छोटी पड़ेगी। और ये पहाड़ी बिल्कुल सामने है।" टेकडी मी रचली होती.

"कितनी लंबी चाहिए?"

"ठीक से नहीं पता, सर. वही सीखने जाना है."

साहेबांनी चकली उचलली; वर मांडण्याचा विषय निघालाच नाही. ते गेल्यावर बाबा बराच वेळ मोहरी उपटत बसले. ताई शेजारी बसून उपटू लागली. शेवटी ते म्हणाले, "मले हे सांगणारं इथं कोणीच नाही न. तू जाय, माय. नीट शिक. माझ्या कारखान्याची पहिली भरती तू."

ताई गेली. कारखाना काही आला नाही. पण दर दिवाळीला ताई यायची, चपला न काढता व्हरांड्यात उकिडवी बसून तपासणी करायची, आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या ड्रॉइंगमधल्या चुका काढणारे बाबा तिच्यासमोर पेन्सिल घेऊन बसायचे. मोहरी त्यांनी सोडली नाही, फक्त पट्टीपासून हातभर दूर नेली. असा शिष्य मी तरी दुसरा पाहिला नाही. माझी टेकडी पहिल्याच वर्षी गेली.

ताई सांगेल तशी पट्टी लांबत गेली आणि एका दिवाळीला सामायिक व्हरांड्यातून शेजारच्या काकूंच्या दारापर्यंत पोचली. काकू हातात फराळाचं ताट घेऊन उंबऱ्यावरच थांबल्या.

"भाऊ, विमान उतरून राहिलं का? का येऊ मी?"

बाबांनी ताईकडे पाहिलं. ताईनं मान डोलावली.

"या," बाबा म्हणाले.