शेवटच्या पानावरचं भांडण

आमच्या निमगाव केतकीच्या वाचनालयात एक पद्धत होती. कादंबरी वाचून झाली की शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं आपलं मत लिहायचं आणि खाली नावाऐवजी सभासद क्रमांक टाकायचा. पूर्वी नावं लिहीत. पण एका सुनेनं कुठल्याशा प्रेमकथेखाली 'असा नवरा पाहिजे होता' असं लिहिलं आणि त्या घरात महिनाभर अबोला झाला. तेव्हापासून गुरुजींनी फक्त क्रमांकाचा नियम केला. शाळेतून निवृत्त झालेले हे गुरुजीच वाचनालय सांभाळतात. त्यांना मी अजून माफ केलेलं नाही.

मी अठ्ठावन्न क्रमांक. पेरूच्या बागा बघायच्या, भाव ठरवायचा, माल बारामतीला नेऊन विकायचा, हा माझा धंदा. नवऱ्याचं घर सोडून काटेवाडीहून निघाले तेव्हा डोक्यावर एक पाटी होती. आता पिकअप आहे आणि ती मीच चालवते. भाव करताना मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. पण शाळा नववीत सुटली, म्हणून शिकलेल्या माणसांत काही बोलायची वेळ आली की माझा आवाज उगाच चढतो आणि लोक तोंड फिरवतात. शेवटच्या पानावर आवाज कितीही चढवला तरी कुणी उठून जात नव्हतं.

एका कादंबरीखाली मी लिहिलं होतं, 'पहिली साठ पानं हा माणूस नुसता खिडकीत बसून आहे. याला काही कामधंदा नाही का?' पुढच्या वेळी तेच पुस्तक सहज उघडलं, तर खाली एकशेबारा क्रमांकाचं उत्तर होतं: 'वाट बघणं हेही कामच. परत वाचा.' मी रागारागानं परत वाचली. एकशेबाराचं बरोबर होतं, त्यामुळे राग आणखी वाढला.

मग हे सुरूच झालं. खुनाच्या एका कादंबरीखाली मी लिहिलं, 'खुनी कोण ते चाळिसाव्या पानावर कळलं.' एकशेबारा म्हणे, 'मला तिसाव्या.' शहरातल्या लेखकानं लिहिलेल्या खेड्यावरच्या कादंबरीला मी झोडपलं, 'याला ऊस कधी तुटतो ते माहीत नाही.' त्याखाली उत्तर, 'उसाचं चुकलं. सासूचं बरोबर आहे.' मी पुस्तकं मागून उघडायला लागले. एकशेबाराचा आकडा दिसला तरच घरी न्यायची. दिवसभर माझ्याशी बोलणारी माणसं एकतर मला घाबरायची नाहीतर फसवायला बघायची. तुझं चुकलं, असं सरळ सांगणारं कुणी नव्हतं. एकशेबारा म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर एक म्हातारा साहेब यायचा, चष्म्याचा, इस्त्रीच्या सदऱ्यातला. त्याला एकदा समोर बसवून भांडायचं, एवढीच इच्छा होती.

मग ती कादंबरी आली. तिच्यातली बाई नवऱ्याचं घर सोडते, स्वतःच्या पायावर उभी राहते आणि शेवटी परत जाते. मी लिहिलं, 'परत गेली तिथं पुस्तक भिंतीवर फेकावंसं वाटलं.' एकशेबारानं लिहिलं, 'ती हरून परत गेलेली नाही. घर सोडणं एवढं मोठं नसतं, जेवढं तुम्हाला वाटतं.' माझं डोकंच फिरलं. पेन्सिलीचं टोक मोडेपर्यंत दाबून लिहिलं, 'तुम्ही कधी घर सोडून बघितलंय का?' आणि पुस्तक जमा केलं.

दोन आठवड्यांनी गुरुजी म्हणाले, "ते पुस्तक एकशेबारानं नेलंय." पुढं बागांचा हंगाम लागला. मी वाचनालयात पोचले तेव्हा पुस्तक कपाटात होतं. उभ्या उभ्या मागून उघडलं. पान कोरं होतं. रबरानं घासून घासून खरखरीत झालेलं.

"गुरुजी, हे काय?"

"अहो, तपासणी होती. वाचनालयाला सरकारचा वरचा दर्जा मिळायचाय. पुस्तकांवर लिहिलेलं दिसलं तर साहेब काय म्हणतील? मंडळाचे आम्ही चौघं दोन दिवस बसून खोडत होतो. खांदा धरला माझा."

"सगळी पुस्तकं?"

"सगळी. स्वच्छ."

"यातलं शेवटचं उत्तर काय होतं?"

"वाचत बसलो असतो तर खोडून झालं असतं का बाई?"

मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. गुरुजी चष्मा पुसत बसून राहिले. शेवटी मी विचारलं, एकशेबारा कोण? ते म्हणाले, नियम म्हणजे नियम, सांगता येणार नाही. दर्जा मिळाल्यावर वाचनालयाला तीन लोखंडी कपाटं मंजूर झाली. ती बारामतीत येऊन पडली होती आणि आणायला गाडी नव्हती. हे मला कळलं तेव्हा मी गुरुजींकडं गेले.

"माझी गाडी माल उतरवून रिकामीच येते. कपाटं दारात आणून देते. तुम्ही फक्त रजिस्टर उघडं ठेवून पाणी प्यायला आत जा."

"हे बरं नाही, बाई."

"मग कपाटं डोक्यावर आणा."

गुरुजी पाणी प्यायला गेले. एकशेबाराच्या पुढं शेळगावच्या एका घरातल्या सुनेचं नाव होतं.

दुसऱ्याच दिवशी गाडी शेळगावात उभी केली. सून गोठ्यातून आली. क्रमांक सांगितल्यावर आधी घाबरली, मग हसायला लागली. "मी नुसती वाचून दाखवते हो. मत आत्यांचं असतंय. त्यांना लिहाय-वाचाय येत न्हाय." आणि ओसरीवर लोकर पिंजत बसलेल्या सासूला मोठ्यानं म्हणाली, "आत्या, ती अठ्ठावन्न आलीय!"

म्हातारी सत्तरीच्या पुढची. आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. वर्षातले आठ महिने कोकणापर्यंत पायी, तीन दगडांची चूल, पोरं वाटेतच झाली. पोरानं शेती घेतली म्हणून आता एका जागी बसलेली. हे सगळं सुनेनं चहा ठेवता ठेवता सांगितलं आणि मी मान खाली घालून ऐकलं. हिला मी विचारलं होतं, घर सोडून बघितलंय का म्हणून.

पण मी भांडायला आले होते. म्हणाले, "आजी, ती बाई परत गेली ते चुकलंच तिचं."

"व्हय बाय, चुकलंच," म्हातारी म्हणाली.

"तुम्ही तर उलटं लिहिलं होतं."

"आसंल. तुमचं बी बरूबर हाय. च्या घ्या."

"त्या खिडकीतल्या माणसाला कामधंदा नव्हता."

"न्हवताच बघा. बिस्कुट घ्या की."

मी मुद्दाम खोटं बोलून बघितलं. म्हणाले, त्या खेड्याच्या कादंबरीतली सासू साफ खोटी वाटते. म्हातारीची मान तरी होकारातच हलली. तिचे डोळे मात्र हसत होते. सुनेनं मला हळूच सांगितलं, "घरी आलेल्या माणसाचं बोलणं त्या कदी खोडत न्हाईत. रानात मेंढरांच्या वाड्यावर कुणी बी येऊ दे, चोर जरी आला तरी आदी च्या, आन् तो म्हणंल त्येला व्हय."

तासभर बसले. एवढा गोड तास मी कुठं काढलेला नाही आणि एवढा फुकटही. निघताना म्हातारीनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. तिच्या हाताला लोकरीचा वास होता. मला तिथंच थांबावंसं वाटलं, आणि तरी आत कुठंतरी माझा एकशेबारा हरवल्यासारखा झाला होता.

सून गाडीपर्यंत आली. "ते शेवटचं काय लिवलं हुतं, मला ध्यानात हाय. सांगू?"

ओठावर 'सांग' आलं होतं. मी म्हणाले, "नको. सांगितलंस तर ते तुझं होईल, एकशेबाराचं राहणार नाही."

बारामतीला माल उतरेपर्यंत वाचायला म्हणून मी विकत घेतलेली एक कादंबरी गाडीत होती. माझं मत तिच्या मागं आधीच लिहिलेलं होतं, चांगलं पान भरून, लेखकाला आणि त्याच्या नायिकेला शिव्या देऊन. ती सुनेच्या हातात दिली. "आत्याला वाचून दाखव. आणि म्हणावं, अठ्ठावन्न कधी आली नव्हती. तिला बघितलेलं नाही. काय लिहायचं ते लिहा."

"आन् पुस्तक कुठं देऊ?"

"वाचनालयात नको. गुरुजींकडं रबर आहे. शेळगावच्या फाट्यावर टपरी आहे तिथं ठेव, मी जाता-येता थांबते."

याला पाच आठवडे झाले. रोज टपरीवर गाडी हळू करते. टपरीवाला लांबूनच हात हलवून नाही म्हणतो. म्हातारी सावकाश ऐकते, असं सून म्हणाली होती. एकदा वाटलं, सरळ घरी जाऊन विचारावं. पण गेले की ती चहा टाकणार आणि माझं सगळं बरोबर म्हणणार. म्हणून शेळगावात वळत नाही.