कणकेची गाठ

आमच्या देऊळघाटात वामनराव समोर आले की लोक आधी आपलं डोकं सांभाळतात. वामनराव म्हणजे माझे धाकटे दीर, आमचे भाऊजी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला, तेव्हापासून ते हातानंच पाहतात. दारात कोणी आलं की नाव विचारत नाहीत. खांदा, कान, डोकं चाचपतात अन् ओळखतात. एका लग्नात व्याह्याच्या टकलावर हात फिरवून मला म्हणाले, "वहिनी, भोपळा कवळा हाय, आजच चिरून टाका." व्याही अजून आमच्या घरचं पाणी पीत नाहीत.

ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणत, "माह्या हाताले कुठं मोतीबिंदू झाला?" शेवटी त्यांची नात प्रेरणा हट्टाला पेटली. ती नर्सिंग शिकते. तेव्हा कबूल झाले. "पोळा झाला की येतो. पण पट्टी सुटली की पहिलं तोंड तांब्याचं पाहीन. तो नसला तं मी डोळेच उघडत नाही."

तांब्या म्हणजे त्यांचा तांबडा बैल. खांद्यावर लिंबाएवढी गाठ, अन् खाजवलं की "हुंम" करायची सवय.

घोळ असा, की तांब्या घरी नव्हताच. अमडापूरला छकुलीच्या, म्हणजे भाऊजीच्या लेकीच्या, जोडीतला एक बैल मेला अन् तिचं डवरणी-कोळपणीचं काम अडलं. भाऊजीच्या पोरानं, गोविंदानं, बहिणीला तांब्या नेऊन दिला. भाऊजीला गुडघ्यामुळे शेतातल्या गोठ्यापर्यंत जाणं होत नाही, म्हणून हे खपलं. बापाला सांगायची गोविंदाची छाती झाली नाही. ऐकलं अन् ऑपरेशनलाच नाही म्हणाले तर?

अन् पोळ्याचा आदला दिवस उजाडला. त्या सांजेला बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळायचं अन् त्याच्या कानात जेवणाचं आवतन द्यायचं, हा मान भाऊजीचा. आम्ही ओट्यावर डोक्याला हात लावून बसलो. सुट्टीवर आलेली प्रेरणा म्हणाली, "मोठी आजी, आमच्या होस्टेलच्या सिस्टर ख्रिस्ती हायेत. त्यायच्या बायबलात असाच एक आंधळा बाप हाय. थोरला पोरगा केसाळ. त्याचा आशीर्वाद लाटाले धाकट्यानं हाताले करडाचं कातडं गुंडाळलं. बाप चाचपून म्हणे, आवाज धाकट्याचा, हात थोरल्याचे. अन् फसला. हिब्रू भाषेत त्या चाचपण्याले येगळाच शब्द हाय, मशश. नुसता हात लावणं नाही, आंधळ्यानं अंधारात धुंडाळावं तसं. पोथीत तो लई कमी येते, अन् बहुतेक जागी चाचपणाऱ्याच्या हाती खरं लागतच नाही."

"एवढ्यासाठी हिब्रू काऊन पाहिजे?" मी म्हटलं. "आमच्या घरी रोज चाचपणंच चालू राह्यते."

पण गोविंदा उठून उभा राहिला. "पोथीतच हाय म्हणता? सुचिता, कणिक मळ वं!"

"बाबा, मी सांगून राह्यली, शिकवून नाही!" प्रेरणा ओरडली. कोण ऐकतं?

शेजारच्या कारभारीचा बैल अंगणात आणला. सुचितानं, गोविंदाच्या बायकोनं, कणकेची गाठ वळून त्याच्या खांद्यावर थापली. भाऊजी आले. कान चाचपले, वशिंड चाचपलं, हळद-तूप चोळलं, कानाशी लागले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग लाडानं खाजवलं. बैल गप्पच. पोथीवर भरवसा ठेवून गोविंदानं बैलाच्या मागून "हुंम" केलं.

अन् तेवढ्यात तुपानं सैल झालेली गाठ भाऊजीच्या हातात आली. त्यांनी ती हुंगली, चाखली.

"आवाज तं गोविंदाचा," ते म्हणाले. "गाठ सुचिताची, मीठ कमी हाय. मंग बैल कोणाचा हाय बे?"

"माहा हाय!" कारभारी कुंपणापलीकडून बोलला.

भाऊजीचा चेहरा एकदम उतरला. "तांब्या मेला काय?"

"नाही बाबा, छकुलीकडे हाय. तिचं काम अडलं होतं."

"मंग मले विचारलं काऊन नाही? मी काय नाही म्हणलो असतो?"

"हाव!" आम्ही सगळे एका सुरात.

भाऊजी थोडा वेळ कणिक चघळत राहिले. "हाव, म्हणलो असतो. पण दुसऱ्या दिवशी मीच नेऊन देला असता. लेकीचं काम हाय." मग कारभारीच्या बैलाच्या पाठीवर थाप मारली. "आवतन याले देलं, आता उद्या हाच जेवन. अन् प्रेरणे, दवाखान्यात येतो. पण बोललो तसंच. तांब्या नसला तं डोळे बंद."

कारभारीचा बैल दुसऱ्या दिवशी पुरणपोळ्या खाऊन आमच्याच दारात बसला, तो कारभारीच्या शिव्यांनीही उठेना.

ऑपरेशन झालं. पट्टी सुटली तेव्हा मी खाटेजवळच होते. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, डोळे उघडा." भाऊजी गच्च मिटून बसले. तेव्हा प्रेरणानं मोबाइलवर छकुलीला व्हिडिओ कॉल लावला अन् फोन त्यांच्या तोंडासमोर धरला. तिकडून आवाज आला, "हुंम!"

भाऊजीनं डोळे उघडले. फोनभर नुसतं ओलं नाक. डोळ्यांतून पाणी आलं, डॉक्टरनं पुसू दिलं नाही. मग त्यांचा हात पुढे झाला, काच वरून खाली, खालून वर चाचपली, अन् ते घाबरून म्हणाले,

"वहिनी, याची गाठ कुठं गेली?"